आयुष्यांच्या पट्ट्या: जन्म-मृत्यूच्या नोंदींपासून पायथनने आलेख कसा काढावा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. आणखी दोनच दिवसांनी त्यांना ५९ पूर्ण झाली असती. १९०१ मधून १८४२ वजा केले की ५९ येतात, त्यांचं खरं वय ५८. असा एका वर्षाचा घोळ एकट्या रानड्यांच्या बाबतीत होत नाही. खाली जी यादी वापरली आहे तिच्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या बाबतीत तो होतो, आणि आलेख कितीही देखणा काढला तरी तो झाकला जात नाही.

चरित्रांच्या नोंदींचा आलेख काढायचं काम दोन भागांचं असतं: नोंदवही नीट करणं आणि चित्र काढणं. चित्राला दहा-बारा ओळींचा कोड पुरतो. सगळा वेळ नोंदवहीत जातो, आणि तो जायलाच हवा. म्हणून इथेही बराचसा मजकूर नोंदवहीवर आहे.

उदाहरणाला एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातली १६ माणसं घेतली आहेत: बाळशास्त्री जांभेकर, लोकहितवादी, जोतीराव फुले, सावित्रीबाई फुले, रा. गो. भांडारकर, रानडे, ताराबाई शिंदे, आगरकर, टिळक, पंडिता रमाबाई, धोंडो केशव कर्वे, आनंदीबाई जोशी, गोखले, विठ्ठल रामजी शिंदे, शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर. यादी कोणतीही चालेल, पण पहिल्या खेपेला १५ ते २० नावंच घ्या. प्रत्येक पट्टी डोळ्यांनी तपासता येते, आणि चूक कोडमध्ये आहे की नोंदीत, हे लगेच कळतं.

पायथनचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच इंग्रजी लिपीत करायचे. चलांची आणि रकान्यांची नावं मात्र खुशाल मराठीत ठेवा. पायथन ३ मध्ये 'जन्म', 'मृत्यू', 'यादी' ही नावं जशीच्या तशी चालतात.

साधनं

काही बसवायची तयारी नसेल तर ब्राउझरमध्येच पायथन चालवणारं गुगल कोलॅब उघडा. तक्ते हाताळणारं पांडाज आणि आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब ही दोन्ही ग्रंथालयं, म्हणजे तयार कोडचे संच, तिथे आधीच असतात. स्वतःच्या संगणकावर करायचं तर पायथन, ही दोन ग्रंथालयं आणि ज्युपिटर नोटबुक एवढं पुरे. याशिवाय देवनागरी फॉन्टची एक फाइल लागेल. नोटो सान्स देवनागरी मोफत मिळतो. त्याची 'रेग्युलर' ही साधी फाइल घ्या. एकाच फाइलमध्ये सगळी वजनं (अक्षरांच्या जाड्या) असलेली, बदलती फाइल मॅटप्लॉटलिबला नीट हाताळता येत नाही.

नोंदवही: तारखेचे तीन तुकडे

तारीख एका रकान्यात लिहू नका. वर्ष, महिना आणि दिवस यांना वेगवेगळे रकाने द्या. कारणं एकाहून जास्त आहेत, आणि पहिल्याच दिवशी आडवी येतात.

एक्सेलच्या लेखी १ जानेवारी १९०० च्या आधी तारखाच नसतात. '११-०४-१८२७' हा त्याला साधा मजकूर वाटतो, आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलेली बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची '०६-१२-१९५६' ही मात्र तारीख. एकाच रकान्यात अर्ध्या ओळी मजकूर आणि अर्ध्या तारखा होतात, आणि फाइल जतन करताना तारखांची मांडणीही बदलू शकते. पांडाजची अडचण वेगळी. लोकहितवादी ९ ऑक्टोबर १८९२ ला गेले. '०९-१०-१८९२' हे पांडाज नेहमीच्या सवयीने १० सप्टेंबर वाचतं, कारण ते महिना आधी धरतं. 'डेफर्स्ट' हा पर्याय खरा केला की हे सुटतं, पण तो विसरलात तर कुठलीही चूक दाखवली जात नाही. तारीख गुपचूप बदलते.

तिसरी अडचण इतिहासाची आवड असणाऱ्यांना हमखास गाठते. पांडाजच्या बऱ्याच आवृत्त्यांत नेहमीच्या कालनोंदीची मागची हद्द २१ सप्टेंबर १६७७ ही आहे. शिवाजी महाराजांचा मृत्यू ३ एप्रिल १६८० चा, तो बसतो. जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, तो बसत नाही, आणि कोड चूक दाखवून थांबतो. थांबला तर नशीब. चुका टाळण्यासाठी 'कोअर्स' पर्याय लावलेला असेल तर जन्माची जागा रिकामी राहते आणि महाराजांची पट्टीच आलेखातून गायब होते. नव्या आवृत्त्यांत सेकंदाच्या मापाने मागे जाता येतं, पण तीन रकान्यांची सवय असेल तर त्या भानगडीत पडावंच लागत नाही.

रकाने असे ठेवा: क्रमांक, नाव, जन्म_वर्ष, जन्म_महिना, जन्म_दिवस, मृत्यू_वर्ष, मृत्यू_महिना, मृत्यू_दिवस, खात्री, टीप. एक ओळ अशी दिसेल:

६, महादेव गोविंद रानडे, १८४२, १, १८, १९०१, १, १६, दिवस, 

'खात्री'मध्ये तीनच शब्द लिहायचे: दिवस, वर्ष किंवा सुमारे. दिवस ठाऊक नसेल तर रकाना रिकामा सोडा. तिथे १ लिहायचा मोह आवरा. विकिपीडियाच्या माहितीसाठ्यावरून, म्हणजे विकिडेटावरून, नोंदी उतरवताना हीच ठेच लागते. तिथे फक्त वर्ष ठाऊक असेल तर साध्या उत्तरात ते बहुधा त्या वर्षाची १ जानेवारी म्हणून येतं. जन्मतारखेचा गुणधर्म पी५६९ आणि मृत्यूचा पी५७०, पण त्यांच्यासोबत अचूकतेचा आकडाही मागवावा लागतो. ११ म्हणजे दिवसापर्यंत खात्री, १० म्हणजे महिना, ९ म्हणजे फक्त वर्ष. तो न मागवता जन्ममहिन्यांचा आलेख काढला तर जानेवारीचा मनोरा उभा राहतो. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यांवरून यादी केली असेल तर हाच मनोरा जूनवर दिसेल. गुरुजींनी नाव घालताना लिहिलेल्या १ जूनने किती पिढ्यांचे वाढदिवस ठरवले ते वेगळं सांगायला नको.

शकातल्या नोंदी इसवी सनात आणताना चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या चैत्रापर्यंत ७९. शके १५५१ च्या फाल्गुनात ७८ मिळवले तर १६२९ येतं, आणि ते चूक आहे. फाल्गुन फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणून ७९ मिळवून १६३०. मूळ शक टीप रकान्यात लिहून ठेवा. पुढे शंका आली तर हिशेब उलटा करून पाहता येतो.

क्रमांकाचा रकाना फालतू वाटतो, पण नावावर विसंबता येत नाही. कुणी जोतीराव लिहितं, कुणी जोतिबा, कुणी ज्योतिराव. रमाबाई तर तीन: पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि रमाबाई आंबेडकर. दोन तक्ते जोडायची वेळ आली की ते क्रमांकानेच जोडा.

मराठी मजकुराची आणखी एक खोच आहे. 'कऱ्हाड' किंवा 'गोऱ्हे' यांतला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पायथनच्या लेखी दोन वेगळी नावं. युनिकोडच्या नेहमीच्या सारखेपणाच्या फंक्शननेही हे जुळत नाही. 'रिप्लेस' वापरून एक रूप दुसऱ्यात बदलूनच घ्यावं लागतं. शोधूनही नाव सापडत नसेल तर 'लेन'ने त्याची लांबी मोजा, एका चिन्हाचा फरक लगेच उघडा पडेल.

फाइल वाचणं

फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर, म्हणून जतन करा. तीच पुन्हा एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरांचा कचरा दिसत असेल तर पांडाजकडून लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. सुरुवातीला एक खूण पडते आणि एक्सेलला लिपी ओळखता येते.

'रीड_सीएसव्ही'ला सगळे रकाने मजकूर म्हणून वाचायला सांगा, म्हणजे 'डीटाइप' एसटीआर. मग आकड्यांच्या रकान्यांवर 'एसटीआर.ट्रान्सलेट' चालवून देवनागरी आकडे इंग्रजी करा. त्यासाठी लागणारा तक्ता 'एसटीआर.मेकट्रान्स'ला दोन ओळी देऊन होतो: एकीत ० ते ९ देवनागरी, दुसरीत तेच इंग्रजी. नंतर 'टू_न्यूमेरिक'. एकेकट्या मूल्यासाठी एवढंही लागत नाही. पायथनच्या 'इंट'ला देवनागरीतला '१८२७' थेट समजतो. ही सोय फारच थोड्यांना माहीत असते.

रिकाम्या जागा असलेल्या रकान्यात १८२७ चे १८२७.० होतात. त्याला घाबरू नका, रकान्याचा प्रकार 'इंट६४' करा. त्यातला पहिला आय मोठा हवा. लहान आय लिहिलात तर रिकाम्या जागांवर कोड अडतो.

आता तपासणी. मृत्यू जन्माआधी आहे का, महिना १२ च्या पुढे आहे का, क्रमांक दोनदा आलाय का, वय ११० च्या वर जातंय का, हे पाहा. ही मर्यादा १०० ठेवू नका. महर्षी कर्वे १८ एप्रिल १८५८ ते ९ नोव्हेंबर १९६२ असे १०४ वर्षं जगले, आणि खरी नोंद चुकीची म्हणून बाजूला पडेल. मृत्यूचा रकाना रिकामा म्हणजे माणूस हयात, असंही धरू नका. त्यासाठी 'हयात' असा वेगळा रकाना करा, नाहीतर १८५० साली जन्मलेल्या माणसाची पट्टी आजच्या तारखेपर्यंत लांबते.

कोडने न सापडणारी चूक म्हणजे एका आकड्याच्या जागी दुसरा पडणं. गोखल्यांचं १८६६ हे साल १८८६ पडलं तर वय २८ येतं, आणि ते कुठल्याच नियमात अडकत नाही. एकाने मूळ ग्रंथातून वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहायचं, याला पर्याय नाही.

वय काढण्याचं एका ओळीचं सूत्र

मृत्यूच्या वर्षातून जन्माचं वर्ष वजा करा. मग मृत्यूची (महिना, दिवस) ही जोडी जन्माच्या जोडीपेक्षा लहान असेल तर आणखी एक वजा करा. पायथनमध्ये कंसातल्या जोड्या थेट तोलता येतात: आधी महिना पाहिला जातो, तो सारखा असेल तर दिवस. उत्तर खरं आलं तर त्याचा हिशेबात १ धरला जातो, खोटं आलं तर ०. रानड्यांच्या बाबतीत (१, १६) हे (१, १८) पेक्षा लहान, म्हणून ५९ वजा १, म्हणजे ५८.

चिन्ह 'पेक्षा लहान' हवं, 'लहान किंवा समान' नको. पारखायला भांडारकर घ्या. त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ चा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था ६ जुलै १९१७ ला, म्हणजे त्यांच्या ८० व्या वाढदिवशी स्थापन झाली. सूत्राने ८० दिले तर बरोबर, ७९ दिले तर चिन्ह चुकलंय.

ताराबाई शिंदे आणि जांभेकर वगळता उरलेल्या १४ जणांच्या तारखा दिवसापर्यंत हाताशी आहेत. नुसत्या वर्षांची वजाबाकी केली तर त्यांतल्या ७ जणांचं वय एकाने वाढतं: रानडे, आगरकर, पंडिता रमाबाई, आनंदीबाई, गोखले, विठ्ठल रामजी शिंदे आणि शाहू महाराज. आनंदीबाईंच्या बाबतीत २१ चे २२ होतात. १४ जणांची खरी सरासरी ६१.७ वर्षं, नुसत्या वजाबाकीची ६२.२. अर्धं वर्ष निव्वळ आळसातून आलं.

सरासरीबद्दलच एक सांगायचं तर, कर्वे यादीतून काढले की ती ६१.७ वरून ५८.५ वर घसरते. मध्यक, म्हणजे वयं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ६३.५ वरून ६३ वर येतो, एवढंच. लहान यादीत मध्यकच सांगावा. आणि यांतला कुठलाही आकडा 'त्या काळचं आयुर्मान' म्हणून छापू नये. नाव व्हायला आधी मोठं व्हावं लागतं. पाळण्यात गेलेली मुलं अशा यादीत कधी येतच नाहीत.

पहिला आलेख: प्रत्येकाची एक पट्टी

ही कल्पना जुनी आहे. जोसेफ प्रीस्टली या इंग्रजाने १७६५ मध्ये सुमारे २,००० नामवंतांची आयुष्यं अशाच आडव्या रेघांनी एका मोठ्या तक्त्यावर मांडली होती, इसवी सनापूर्वी १२०० पासून इसवी सन १८०० पर्यंत. जिथे साल पक्कं ठाऊक नव्हतं तिथे त्याने रेघेऐवजी ठिपके दिले. ते ठिपके आपल्याला थोड्या वेळाने लागणार आहेत.

आधी प्रत्येक तारखेचं दशांशातलं वर्ष करून घ्या: वर्ष अधिक (वर्षातला कितवा दिवस वजा १) भागिले ३६५. ११ एप्रिल हा वर्षाचा १०१ वा दिवस, म्हणून जोतीरावांचा जन्म १८२७.२७. २८ नोव्हेंबर हा ३३२ वा, म्हणून मृत्यू १८९०.९१. लीप वर्षाच्या एका दिवसाने या मापावर काहीही बिघडत नाही. हे आकडे फक्त चित्रासाठी वापरा. वय वरच्या सूत्रानेच काढा.

यादी जन्मानुसार 'सॉर्ट_व्हॅल्यूज'ने लावा. 'सबप्लॉट्स'ने कागद घ्या, रुंदी १० इंच. उंचीचा हिशेब माणशी ०.३५ इंच अधिक अक्षासाठी १ इंच, म्हणजे १६ जणांना सुमारे ६.६. मग 'बारएच'ला चार गोष्टी द्या: उभ्या दिशेची जागा ० ते १५, रुंदी म्हणजे मृत्यू वजा जन्म, 'लेफ्ट' म्हणजे जन्म, आणि 'हाइट' ०.६.

शिकणाऱ्यांची ठरलेली चूक इथे होते. रुंदीच्या जागी मृत्यूचं साल दिलं जातं. मग जोतीरावांची पट्टी १८२७ ला सुरू होऊन ३७१८ ला संपते आणि सगळ्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच दिसतात. अक्षावर ३,००० च्या पुढचे आकडे दिसले की दुसरीकडे शोधू नका. 'लेफ्ट' द्यायचा राहिला तर उलटं होतं: सगळे शून्य साली जन्मतात.

'इन्व्हर्ट_वायअॅक्सिस' केलं की थोरले वर येतात. आडवा अक्ष १८०० ते १९७०, दर २० वर्षांनी खूण, मागे फिकट उभ्या रेघा. नाव पट्टीच्या सुरुवातीच्या डाव्या बाजूला, वय पट्टीच्या शेवटी, त्यासाठी 'टेक्स्ट'. नाव उजवीकडून टेकवलेलं असावं आणि जन्मवर्षातून दीड-दोन वर्षं मागे, म्हणजे चिकटत नाही. डावीकडच्या चौकटीबाहेर नावं आणि आत पट्ट्या अशी मांडणी केली तर आंबेडकरांच्या नावापासून पट्टीपर्यंत डोळ्याला अर्धा कागद ओलांडावा लागतो. रंग एकच ठेवा. दुसरा रंग तेव्हाच वापरा जेव्हा तो काही सांगणार असेल, जसं या १६ मध्ये स्त्रिया किती आणि कुठल्या काळात. इंद्रधनुष्य काढून काही साधत नाही.

अक्षरं मोडतात तेव्हा

पहिल्यांदा आलेख काढला की नावांच्या जागी रिकामे चौकोन येतात आणि ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधलं अक्षराचं चित्र, सापडत नसल्याचा इशारा मिळतो. मॅटप्लॉटलिबच्या मूळ डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. 'फॉन्टमॅनेजर.अॅडफॉन्ट'ला आपल्या फॉन्टच्या फाइलचा पत्ता द्या आणि मॅटप्लॉटलिबच्या 'आरसीपॅराम्स' या मांडणीच्या यादीत 'फॉन्ट.फॅमिली' नोटो सान्स देवनागरी करा. चौकोन जातात.

पण खरी परीक्षा त्यानंतर. 'टिळक' लिहिलंत आणि 'टळिक' दिसलं, 'कर्वे'मधला रफार डोक्यावर चढण्याऐवजी र चा पाय मोडून बसला, 'विठ्ठल'चे तुकडे पडले, तर फॉन्टला दोष देऊन आणखी दहा फॉन्ट उतरवत बसू नका. मॅटप्लॉटलिबच्या सर्रास वापरात असलेल्या आवृत्त्या अक्षरं एकापुढे एक मांडतात. देवनागरीत वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार वर जातो, जोडाक्षरं जुळतात, ही जुळणी त्या करत नाहीत. फॉन्ट बदलून ती होणार नाही.

सोपा उपाय असा. 'आरसीपॅराम्स'मध्ये 'एसव्हीजी.फॉन्टटाइप'ला 'नन' द्या आणि आलेख एसव्हीजी म्हणून जतन करा. आता नावं रेघांत न बदलता फाइलमध्ये मजकूर म्हणूनच राहतात, आणि ती फाइल क्रोममध्ये किंवा इंकस्केपमध्ये उघडली की तिथली यंत्रणा जुळणी नीट करते. इंकस्केपमधून ३०० डीपीआयने पीएनजी काढून घ्या आणि लोकांना तीच पाठवा. एसव्हीजी पाठवलीत तर समोरच्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसेल आणि नावांची रुंदी बदलेल.

नोटबुकमध्ये दिसणारं चित्र मात्र मोडक्या अक्षरांचंच राहील. ते चालवून घ्या. चालत नसेल तर अल्टेअर हे आलेखांचं दुसरं ग्रंथालय वापरा. ते ब्राउझरमध्येच रेखाटतं, त्यामुळे मराठी पहिल्यापासून शुद्ध येतं. तिथे 'मार्क_बार'ला एक्समध्ये जन्म आणि एक्स२ मध्ये मृत्यू द्यायचा, वजाबाकीही लागत नाही. फक्त अक्षावर वर्षं '१,८२०' अशी स्वल्पविराम लावून येतात, आणि साल असं कुणी लिहीत नाही. अक्षाच्या 'फॉरमॅट'ला डी दिला की स्वल्पविराम जातो.

अक्षावरचे आकडे देवनागरी करायला मघाचाच बदलाचा तक्ता उलटा वापरा आणि तो 'फंकफॉरमॅटर'मधून लावा. आकड्यांना जुळणी लागत नसल्यामुळे हे साध्या मॅटप्लॉटलिबमध्येही नीट उमटतं.

शंका असेल तर शंका दिसू द्या

ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चं, हे पक्कं. त्यांचा जन्म सुमारे १८५० आणि मृत्यू सुमारे १९१०. दोन्ही टोकांना 'सुमारे' आहे. जोतीरावांसारखीच ठोस पट्टी त्यांनाही दिली तर वाचक दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो.

यासाठी नोंदवहीत चार दशांश-वर्षं करा: जन्म लवकरात लवकर, जन्म उशिरात उशिरा, मृत्यू लवकरात लवकर, मृत्यू उशिरात उशिरा. तारीख पक्की असेल तर जोडीतले दोन्ही आकडे एकच. फक्त वर्ष ठाऊक असेल तर १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. 'सुमारे' असेल तर अलीकडे-पलीकडे किती वर्षं धरायची ते तुम्ही ठरवा, समजा ३, आणि ते आलेखाखाली एका ओळीत लिहा. मग 'बारएच' तीनदा चालवा. मधला भाग, म्हणजे उशिरात उशिरा जन्मापासून लवकरात लवकर मृत्यूपर्यंत, गडद. दोन्ही टोकं त्याच रंगात, 'अल्फा' (रंगाची गडदता) ०.३ ठेवून. पक्क्या तारखांना टोकांची रुंदी शून्य येते आणि काहीच उमटत नाही, त्यामुळे अटी लिहीत बसावं लागत नाही. प्रीस्टलीच्या ठिपक्यांचं काम हा फिकट रंग करतो.

जांभेकरांच्या बाबतीत शंका वेगळ्या जातीची आहे. जन्मदिवस म्हणून ६ जानेवारी १८१२ आणि २० फेब्रुवारी १८१२ अशा दोन तारखा लिहिलेल्या आढळतात. दहा इंचांच्या कागदावर ४५ दिवसांचा फरक केसाएवढाही दिसत नाही, त्यामुळे पट्टीसाठी डोकं शिणवायचं कारण नाही. पण 'दर्पण'चा पहिला अंक निघाला ६ जानेवारी १८३२ ला. पहिली तारीख धरली तर त्या दिवशी त्यांना बरोबर २० वर्षं पूर्ण झाली, दुसरी धरली तर वय १९. चित्रात नगण्य असलेली शंका वयाच्या हिशेबात निकाल फिरवते. टीप रकाना अशा वेळेसाठीच असतो.

त्या वर्षी किती जण हयात?

हा आलेख सोपा आहे. १८०० पासून १९६५ पर्यंत दर वर्षाची १ जानेवारी घ्या आणि जन्म त्या दिवशी किंवा आधी व मृत्यू नंतर असलेल्या ओळी मोजा. 'स्टेप'ने पायऱ्यांचा आलेख काढा, 'व्हेअर' पर्याय 'पोस्ट' ठेवा. साध्या रेघेने जोडलं तर दोन वर्षांच्या मध्ये साडेतेरा माणसं दिसतात.

आपल्या यादीची कसोटी: १ जानेवारी १८८० ला उत्तर १४ यायला हवं. जांभेकर १८४६ ला गेलेले, आंबेडकर जन्मायचे होते, बाकी सगळे हयात. जून १८७४ मध्ये शाहू महाराजांचा जन्म झाला तेव्हापासून फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई गेल्या तोपर्यंत आकडा १४ वरच राहतो. शेवटी १९५६ नंतर एकटे कर्वे उरतात. हा डोंगर आपण नावं कशी निवडली त्याचा आहे. 'एकोणिसाव्या शतकात विचारवंत जास्त होते' असं त्यावरून म्हणू नका.

दुसरा तक्ता: कामाच्या वेळी वय

सगळ्यांत जास्त वाचला जाणारा आलेख हाच. आडव्या अक्षावर साल न ठेवता वय ठेवायचं, म्हणजे सगळे शून्यापासून एकाच रेषेवर उभे राहतात. त्यासाठी प्रसंगांची वेगळी फाइल करा: व्यक्ती_क्रमांक, वर्ष, महिना, दिवस, प्रसंग. सुरुवातीला एवढे पुरतात: सत्यशोधक समाज, २४ सप्टेंबर १८७३, जोतीराव ४६. 'केसरी', ४ जानेवारी १८८१, टिळक आणि आगरकर दोघंही २४. आनंदीबाईंची वैद्यकीय पदवी, फिलाडेल्फिया, ११ मार्च १८८६, वय २०. कोल्हापूर संस्थानातला राखीव जागांचा हुकूम, २६ जुलै १९०२, शाहू महाराज २८. भारत सेवक समाज, १२ जून १९०५, गोखले ३९. महाडचं चवदार तळं, २० मार्च १९२७, आंबेडकर ३५. इथेही वर्षांची वजाबाकी ३६ सांगते, कारण वाढदिवस आणखी २५ दिवसांवर होता.

दोन्ही तक्ते 'मर्ज'ने क्रमांकावर जोडा, 'हाऊ' पर्याय 'लेफ्ट'. जोडल्यावर ओळी वाढतात हे ध्यानात ठेवा. कर्व्यांचे तीन प्रसंग घातले, १८९६ चं अनाथ बालिकाश्रम, १९१६ चं महिला विद्यापीठ आणि १९५८ चं भारतरत्न, तर कर्वे तीनदा येतात. त्या जोडलेल्या तक्त्यावरून आयुष्याची सरासरी काढली तर १०४ तीनदा मोजले जातात. सरासरी नेहमी मूळ यादीवरून काढा.

प्रत्येकाची शून्यापासून मृत्यूच्या वयापर्यंत बारीक राखाडी रेघ 'एचलाइन्स'ने, आणि तिच्यावर प्रसंगाचा ठिपका 'स्कॅटर'ने, आकार ४० च्या आसपास. ज्या प्रसंगाचं फक्त साल घेतलंय त्याला ठिपका न देता वर्षभराची जाड रेघ द्या. १९५८ मध्ये कर्वे ९९ चे होते की १०० चे, हे नुसत्या सालावरून ठरत नाही. ओळी मृत्यूच्या वयानुसार लावल्यात तर सगळ्यांत वर आनंदीबाईंची २१ वर्षांची रेघ येते आणि पदवीचा ठिपका तिच्या अगदी टोकाशी बसतो.

नावं शंभरच्या पुढे गेली की माणशी एक ओळ परवडत नाही. तेव्हा जन्मानुसार एकेक नाव घ्या आणि ज्या ओळीतली आधीची पट्टी किमान १५ वर्षांपूर्वी संपली आहे अशा पहिल्या ओळीत ते बसवा. ही १५ वर्षं नाव लिहायच्या जागेसाठी आहेत, म्हणून नावं लांबलचक असतील तर २५ करा.